व्यस्ततेचा पुरावा

आरोग्य कर्मचाऱ्यांना कामामुळं शिकायला वेळ मिळत नाही, हे शोधून काढायला समितीला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत सेविकांकडून नऊ वेळा माहिती मागवण्यात आली. चार वेळा त्यांना लातूरला बोलावून, वेळ का मिळत नाही या विषयावर दिवसभर बसवून ठेवण्यात आलं. शेवटी एकशेबारा पानांचा अहवाल आला. त्यात निष्कर्ष असा होता की, कर्मचाऱ्यांचा वेळ नेमका कुठं जातो हे समजून येत नाही.

शिवकांता हुडगेचा वेळ कुठं जातो ते करंजवळी गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. पण समितीत गावातलं कुणी नव्हतं. जळकोट तालुक्यातल्या या उपकेंद्रात शिवकांता अकरा वर्षं कंत्राटी आरोग्यसेविका होती. म्हणजे एक दिवस कमी एका वर्षाची नेमणूक, तो एक दिवस घरी, आणि परत एक दिवस कमी एका वर्षाची नेमणूक. दरसाल एकोणतीस जूनला मुदत संपायची. तीस जूनला शासन तिला ओळखत नसे, एक जुलैला परत ओळखू लागे. तिच्याकडं चार गावं, दोन तांडे, अकरा रजिस्टरं, बाळंतपणाचं एक टेबल आणि लसीचा एक निळा डबा होता. आणि आता 'सेवाबोध' होतं.

सेवाबोध हे शासनानं दिलेल्या फोनमध्ये शासनानंच घातलेलं अॅप. त्यातून सेविकांनी रोज शिकायचं. एक धडा पंचेचाळीस मिनिटांचा. 'हात कसे धुवावेत' या धड्याचे दोन भाग होते. शिवकांतानं दोन्ही पाहिले, परीक्षेत वीसपैकी वीस गुण मिळवले, आणि उपकेंद्राच्या नळाला पाणी नसल्यामुळं घागरीतल्या पाण्यानं हात धुतले. हा प्रकार परीक्षेत चुकीच्या पर्यायांमध्ये तिसऱ्या नंबरवर होता.

अहवाल आल्यावर अॅपची पुनर्रचना करायचं काम पुण्याच्या एका कंपनीला गेलं. कंपनीनं त्यावर स्वप्नाली नावाची तज्ज्ञ नेमली. स्वप्नाली मूळची लातूरची. पण पुण्यात नऊ वर्षं काढल्यामुळं गावाकडची कुठलीही गोष्ट तिला पडद्यावर तक्त्यात दाखवली तरच खरी वाटत असे. तिनं पहिल्याच बैठकीत सांगितलं की, कर्मचारी व्यस्त आहे हे आपण गृहीत धरलं आहे, सिद्ध केलेलं नाही. हे वाक्य वरच्या साहेबांना इतकं आवडलं की आठ दिवसांत त्याचं परिपत्रक निघालं.

नव्या सेवाबोधची योजना अत्यंत न्याय्य होती. जो व्यस्त आहे त्याला दोन मिनिटांचे धडे. जो रिकामा आहे त्याला पंचेचाळीस मिनिटांचे. आता कोण व्यस्त हे अॅपला कळावं कसं? त्यासाठी एक हिरवं बटण दिलं होतं, त्यावर लिहिलेलं, 'मी कामात आहे'. काम चालू असताना दर दहा मिनिटांनी ते दाबायचं. दाबल्यावर स्वतःचा फोटो काढायचा. फोटोत काम दिसलं पाहिजे आणि काम करणाऱ्याचे दोन्ही हात दिसले पाहिजेत. मग फोन कुणी धरायचा, यावर परिपत्रक काही बोलत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी शिवकांताकडं लसीकरणाला एक्केचाळीस लेकरं आली. एकाला धरावं तर दुसरं सुटत होतं. एकानं टोचायच्या आधीच गळा काढला, ते बघून बाकीच्या चाळीस जणांनी काढला. शासनाचा फोन पिशवीत पडून होता. संध्याकाळी तिनं तो उघडला तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत आलं की, आज आपण सहा तास दहा मिनिटं निष्क्रिय होता.

शुक्रवारी तालुक्याला बैठक झाली. तालुका समन्वयक शेषेराव यांनी लाल नावं वाचून दाखवली. शेषेराव वाईट गृहस्थ नव्हते. वरून आलेलं ते खाली पाठवत, आणि खालून आलेलं आपल्यापाशी जपून ठेवत, एवढंच.

"सिस्टर, मंगळवारी तुम्ही सहा तास रिकाम्या होत्या," ते म्हणाले.

"मंगळवारी माझ्याकडं एक्केचाळीस लेकरं होती, साहेब."

"असतील ना. मी कुठं नाही म्हणतो? बटण दाबलं का?"

"हातात सुई होती."

"सुई सिस्टिमला दिसत नाही, सिस्टर. बटण दिसतं."

शिवकांतानं विचारलं की, मग लेकराच्या मांडीत सुई तशीच ठेवून बटण दाबायचं का? शेषेरावांनी हे वहीत 'क्षेत्रीय सूचना' या मथळ्याखाली लिहून घेतलं. बैठकीत कुणी हसलं नाही. सव्वीस सेविका खाली मान घालून बटण दाबत होत्या. बैठक हे काम धरलं जात होतं.

रिकामी ठरल्यामुळं शिवकांताला मोठे धडे लागू झाले. पहिलाच विषय होता 'वेळेचं नियोजन', सहा भागांत. तो संपवायला तिनं बुधवारच्या दोन गृहभेटी सोडल्या. धडा बघता बघता तिनं हिरवं बटण दाबून पाहिलं, तर उत्तर आलं की शिकणं हे काम नाही.

तक्रारी पुण्यापर्यंत गेल्या, हे कंपनीच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. स्वप्नालीनं त्या सगळ्या वाचल्या. तिला मनापासून वाईट वाटलं, आणि तिनं बटण काढून टाकलं. आता कर्मचाऱ्यानं काहीच करायची गरज नव्हती. फोन अंगावर बाळगायचा. माणूस हलला की फोन हलतो, फोन हलला की अॅपला कळतं. जितकी हालचाल जास्त, तितका 'व्यस्तता निर्देशांक' जास्त. शंभरपैकी.

फेब्रुवारीत पहिले आकडे आले. तालुक्यात सर्वांत व्यस्त निघाले शेषेराव. ते दिवसभर जीपमध्ये असत आणि रस्ते आपल्याकडचे. त्यांचा निर्देशांक ब्याऐंशी होता. ज्या खड्ड्यांच्या नावानं ते रोज बोटं मोडायचे, त्यांना ते आता पाठीमागच्या सीटवरून काहीसे प्रेमानं पाहू लागले.

शिवकांताचा निर्देशांक एकोणीस होता. त्या महिन्यात तांड्यावरच्या एका बाईचं बाळंतपण अवघड गेलं होतं. बाई सोडत नव्हती म्हणून शिवकांता तिचा हात धरून चार तास एका जागी उभी राहिली. पाय सुजले, कंबर मोडली, बाळ-बाळंतीण सुखरूप झाली. अॅपनं नोंद केली की कर्मचारी चार तास स्थिर.

त्यामागून परिपत्रक आलं. ज्या कंत्राटी कर्मचाऱ्याचा निर्देशांक चाळीसच्या खाली राहील, त्याचं पद 'अतिरिक्त' समजण्यात येईल आणि एकोणतीस जूननंतर मुदतवाढ दिली जाणार नाही.

शिवकांतानं ते तीनदा वाचलं. मुलगी वर्षाराणी लातूरला बारावीच्या क्लासला, वसतिगृहात. नवरा संगमेश्वर उदगीरला डाळ मिलवर, मोठ्या चाळणीवर. मालाची आवक असली तर काम, नसली तर घरी. घर शिवकांताच्या नोकरीवर चाललं होतं आणि नोकरी आता तिच्या खिशातल्या फोनच्या हलण्यावर.

ती चार दिवस हलून बघून थकली. रजिस्टर लिहिताना पाय हलवले. बायकांचं ब्लड प्रेशर मोजताना खांदे हलवले, तर एका म्हातारीनं सुनेला हळूच विचारलं की सिस्टरच्या अंगात येतं का.

साखराबाई गावची आशा. वयानं मोठी, चौथी शिकलेली, आणि तिच्या तोंडाला अजून कुठल्या अॅपनं कुलूप घातलेलं नव्हतं. ती ओट्यावर बसून हे सगळं बघत होती.

"बाई, तुमी काम करून राहिल्या आन् ह्यो फोन खिशात बसून राहिला," ती म्हणाली. "तुमी बसा. फोनला लावा कामाला."

"त्याला कुठं लावू, मावशी?"

"तुमचे मालक त्या चाळणीवर हायत ना? रातंदिस थरथरती म्हनत्यात. तिच्यावर टाका की न्हेऊन."

शिवकांताला हे पटलं नाही. अकरा वर्षांत तिनं एका रजिस्टरात खोटा आकडा भरला नव्हता, हे तिचं एकमेव चैनीचं सामान होतं. पण संगमेश्वरला पटलं. तो कमी बोलणारा माणूस. त्यानं दोन्ही बाजूंचा विचार केला आणि म्हणाला, "खोटं काय त्यात? फोन हललाय का, हाव. ते तेवढंच विचारायलेत."

दुसऱ्या दिवशी शासनाचा फोन फडक्यात गुंडाळून उदगीरला गेला. चाळणीच्या लोखंडी चौकटीला संगमेश्वरनं तो तारेनं बांधला. खालून तुरीची डाळ वेगळी होत होती, वरून शिवकांता हुडगे यांची व्यस्तता. संध्याकाळी निर्देशांक सत्त्याण्णव आला.

अशी गोष्ट सेविकांमध्ये लपत नाही. पंधरा दिवसांत तालुक्यातल्या सत्तावीसही जणींचे फोन मिलवर पोचले. संगमेश्वरनं प्रत्येकीच्या फोनला कापडी पिशवी शिवून घेतली आणि वर मार्करनं उपकेंद्राचं नाव घातलं. मालानं भरलेल्या चाळणीत तो जसा खडा शोधी, तसा रोज सकाळी सत्तावीस फोन मोजी. एकीची बॅटरी उतरली तर त्याला चैन पडत नसे. मिलच्या मालकानं एकदा विचारलं हे काय लावलंय. संगमेश्वरनं सांगितलं, शासनाचं काम आहे. मालकानं परत विचारलं नाही. आमच्याकडं शासनाचं काम थरथरताना दिसलं तर माणूस देवाला हात जोडतो.

नव्वदच्या वर निर्देशांक गेला की धडा आपोआप अगदी छोटा होत असे. पडदाभर एक मोठं बटण यायचं, 'समजले'. थकलेल्या माणसाच्या कोपराचा धक्का लागला तरी दाबलं जावं, इतकं ते हलकं ठेवलेलं होतं. ते चाळणीवर आपसूक दाबलं जाऊ लागलं. मार्चअखेर शिवकांताचे दोनशे चाळीस धडे पूर्ण झाले. अंतिम परीक्षा बरोबर की चूक अशा प्रश्नांची होती. तीही चाळणीनं दिली आणि एकाहत्तर गुणांनी पास झाली. संगमेश्वरनं घरी येऊन सांगितलं तेव्हा आवाजात जरा अभिमान होता. तो स्वतः बारावीला दोनदा बसला होता.

आणि मग तालुक्यात एक विचित्र गोष्ट घडली. काम होऊ लागलं.

फोन मिलवर होते, त्यामुळं सेविकांचे हात मोकळे होते. लसीकरण दुपारी दोनच्या आत उरकू लागलं. राहिलेल्या गृहभेटी झाल्या. शिवकांतानं अकरा वर्षांत पहिल्यांदा तांड्यावरच्या प्रत्येक घरात चहा प्यायला बसून लोहाच्या गोळ्या खरोखर गिळल्या जातात का ते पाहिलं. जात नव्हत्या, कोंबड्यांच्या खुराड्यात सापडल्या. एप्रिलमध्ये गावातल्या शिल्पा नावाच्या सातव्या-आठव्या महिन्याच्या पोरीच्या पायाची सूज तिच्या नजरेत आली. ब्लड प्रेशर वाढलेलं. घरचे म्हणाले उन्हामुळं असेल. शिवकांतानं ऐकलं नाही, सासूशी भांडून तिला त्याच दिवशी उदगीरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवली. मे महिन्यात पोरगी झाली, दोघी धड घरी आल्या.

याची नोंद कुठंच नव्हती. सेवाबोधमध्ये त्या दिवशी शिवकांता आठ तास अखंड हलत होती, एवढंच.

मे संपता संपता जळकोट तालुका राज्यात पहिला आला. शेषेराव हार घेऊन उपकेंद्रावर आले. हार घालून झाल्यावर त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला.

तो कागद तर्काला धरून होता, यात वाद नाही. सत्तावीस सेविकांचा निर्देशांक पंच्याण्णवच्या वर. म्हणजे त्या माणसाच्या ताकदीबाहेर काम करत आहेत. तरी लसीकरण वेळेत, भेटी पूर्ण, धडे पूर्ण. म्हणजे एवढ्या ताणातही त्यांची क्षमता शिल्लक आहे. तर मग एका सेविकेला पाच उपकेंद्रं सहज देता येतील. सत्तावीसपैकी सहा पदं राहतील. बाकी एकवीस एकोणतीस जूनला अतिरिक्त.

"म्हणजे कमी हलले तरी घरी, जास्त हलले तरी घरी," शिवकांता म्हणाली.

"तसं थेट लिहिलेलं नाही," शेषेराव म्हणाले. "आणि अजून अंतिम नाही. आधी पुण्याहून मॅडम अभ्यासाला येणार आहेत. तुम्ही सत्त्याण्णववर काम कसं करता ते त्यांना जवळून बघायचंय. तुमचं चांगलं दिसलं तर सहात तुमचं नाव."

सहात नाव. शिवकांताच्या डोक्यात तेवढंच राहिलं. तिनं संगमेश्वरला सांगितलं, मॅडम यायच्या आदल्या दिवशी सगळे फोन परत आण. त्यानं मान डोलावली. पण स्वप्नालीनं कधी यायचं ते कुणाला विचारलं नाही. तिला माणसांना विचारायची सवय नव्हती. तिनं नकाशा उघडला, सत्तावीस ठिपके उदगीरला एकाच जागी दिसले. मोठं शिबिर चालू असेल, असं वाटून ती तीन दिवस आधीच थेट तिथं उतरली.

शेषेरावांना वाटेतून निरोप गेला, त्यांनी शिवकांताला जीपमध्ये घातलं. पोचले तेव्हा स्वप्नाली मिलच्या दारात उभी होती. अंगावर, केसांवर, चष्म्यावर तुरीच्या फोलपटाची पिवळी धूळ. आत चाळणी चालू होती आणि तिच्या चौकटीला सत्तावीस पिशव्या एका लयीत नाचत होत्या. करंजवळी सगळ्यांत पुढं.

संगमेश्वरनं मशीन बंद केलं. तसे सत्तावीसही फोन टुणटुणले. निष्क्रियतेचा इशारा.

शेषेरावांच्या कपाळावरून घाम पडत होता. ते म्हणाले की याची त्यांना काडीची कल्पना नव्हती, हे अत्यंत गंभीर आहे, आणि दोषींवर कारवाई होईल. शिवकांतानं त्यांना बोलू दिलं. मग ती पुढं झाली. सहात नाव गेलं, हे तिला कळलंच होतं. गेलंच आहे तर निदान मोकळं बोलून जावं.

"मॅडम, पहिला फोन माझाच. ह्या माणसानं माझ्यासाठी केलं, त्याला काही बोलू नका," ती म्हणाली. "मी हलत न्हाई. बाळंतपणाला बाई एका जागी उभी राहती. सुई देताना हात हलवून चालत न्हाई. तुमी ज्याला रिकामं म्हनता ना, ते माझं काम हाय. आन् ज्याला काम म्हनता, ते ही चाळणी करती."

स्वप्नालीनं चष्मा काढून पुसला. पोत्याला टेकलेला एक हमाल बघत होता की आता ही बाई रडते का काय.

"ताई, थँक्यू," स्वप्नाली म्हणाली. आवाज खरोखर भरून आला होता. "आम्ही दोन वर्षं हेच उत्तर शोधतोय."

तिनं चाळणीचे सर्व बाजूंनी फोटो काढले. मिनिटाला किती हेलकावे ते संगमेश्वरला विचारलं, पिशवीच्या कापडाचा तुकडा मागून घेतला. जाताना म्हणाली की, वापरणाऱ्यांनी स्वतः शोधलेल्या उपायासारखा उपाय नाही. आम्ही फक्त त्याला आकार देऊ.

आकार वीस दिवसांत दिला गेला. सेवाबोधच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक उपकेंद्राला एक 'व्यस्तता मंच' मंजूर झाला. तीन फूट रुंद, पाच फूट लांब, विजेवर थरथरणारं टेबल. त्यावर फोन ठेवायचा. कर्मचाऱ्यानं हलायची, दाबायची, शिकायची गरज उरली नाही. व्यस्त कर्मचाऱ्याचा एक मिनिटही वाया जाऊ नये हाच पुनर्रचनेचा मूळ हेतू होता, तो शंभर टक्के साध्य झाला. मंच कोरड्या, पक्क्या खोलीत ठेवायचा. करंजवळीत तशी एकच खोली होती. तिथलं बाळंतपणाचं टेबल बाहेर काढण्यात आलं आणि निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या वस्तूंच्या यादीत घालण्यात आलं.

यंत्र आलं म्हणजे ते चालवायला माणूस लागतो. सत्तावीस मंच, सत्तावीस माणसं. एकवीस पदं कमी करायचा प्रस्ताव त्याच दिवशी बारगळला. एकोणतीस जूनला शेषेराव स्वतः आदेश घेऊन आले, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. शिवकांताची मुदतवाढ झाली होती. पदनाम: मंचचालक, कंत्राटी.

"आणि नर्सचं काम?" तिनं विचारलं.

"ते बंद थोडंच झालंय. फक्त कामाच्या वेळेत मंच सोडायचा नाही. त्यात लाखाचं मशीन आहे, सिस्टर."

"पेशंट आला तर?"

शेषेरावांनी आदेश उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "पेशंटचं या आदेशात काही नाही," ते म्हणाले.

शिवकांतानं सही केली. अकरा वर्षं ज्या सहीसाठी जीव वरखाली व्हायचा, ती या वेळी करताना पेन दोनदा अडलं. साखराबाई तिथंच होती. तिनं विचारलं, बाई, आता तुमाला नर्सबाई म्हनायचं का चाळणीवाली? शिवकांतानं आदेशाची घडी घातली. लातूरच्या वसतिगृहात जुलैचे पैसे भरायचे होते.

दुसऱ्या मंगळवारी शिल्पा लेकीला घेऊन आली. दीड महिन्याच्या लसीला. तिच्या मागं आणखी तेरा बायका, कडेवर तेरा लेकरं. खोलीत मंच गुणगुणत होता. दारात उभ्या बायका आत बघत होत्या आणि आतून शिवकांता बाहेर. लसीचा डबा सकाळीच आला होता, त्यातला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हता. तिनं दहा मिनिटं घड्याळाकडं पाहिलं. मग डबा उचलला, बाहेर लिंबाखाली चटई टाकली आणि शिल्पाच्या लेकीपासून सुरुवात केली. चौदा लेकरं झाली तेव्हा साडेबारा वाजले होते.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. मंचावर कॅमेरा होता हे कुणी सांगितलं नव्हतं. नोटिशीत लिहिलं होतं: 'आपण दिनांक आठ रोजी कामाच्या वेळेत, पूर्वपरवानगीशिवाय, रुग्णसेवा करताना आढळून आला आहात. याबाबतचा लेखी खुलासा दोन दिवसांत सादर करावा.'

साखराबाई म्हणाली, लिहून टाका चूक झाली, पुन्ना करनार न्हाई. तिच्या घरात असे माफीनामे सासूपासून चालत आलेले होते आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. संगमेश्वर म्हणाला, डोकं दुखत होतं, हवेला बाहेर बसले होते असं लिही, खोटं काय त्यात. शिवकांतानं दोघांचं ऐकून घेतलं आणि लिहिलं: 'लेकरू समोर होतं. लस डब्यात होती.'

शेषेराव तो खुलासा घेऊन संगणकापुढं बराच वेळ बसले. खुलाशाचं कारण तिथं यादीतून निवडायचं होतं. आजारपण होतं, वीजपुरवठा होता, नैसर्गिक आपत्ती होती, लग्नकार्य होतं. लेकरू समोर असणं हे कारण नव्हतं. त्यांनी शेवटी 'इतर' निवडलं. 'इतर' हे कारण सिस्टिम आपोआप नाकारते. एकतीस जुलैला शिवकांता हुडगे यांची सेवा समाप्त झाली. शेषेरावांना त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही, असं म्हणतात. संध्याकाळी मात्र गेलं.

फोन शासनाचा होता, तो मंचावरच राहिला. नवी मंचचालक यायला वेळ लागणार होता, पण मंचाला कुणाची गरज नव्हती; वीज असली की तो चाले. शिवकांता घरी बसली आणि सेवाबोधमध्ये शिवकांता हुडगे अठ्ठ्याण्णववर पोचली. पंधरा ऑगस्टला राज्यातली सर्वांत व्यस्त आरोग्य कर्मचारी म्हणून तिचं नाव जाहीर झालं. सन्मानपत्र उपकेंद्राच्या पत्त्यावर आलं, उपकेंद्राला कुलूप होतं, पोस्टमननं ते दाराच्या फटीतून आत सरकवलं. करंजवळीनं वेशीवर फ्लेक्स लावला. सरपंच, उपसरपंच, तंटामुक्तीचे अध्यक्ष, पंचवीस तरुण मित्रमंडळी, सगळ्यांचे हात जोडलेले फोटो. शिवकांताचा फोटो कुणाकडं नव्हता, म्हणून तिथं नर्सचं एक चित्र टाकलं. चित्रातली बाई गोरी होती. फ्लेक्सखाली उभं राहून अख्ख्या गावानं फोटो काढले. बाळंतपणाचं टेबल कुठं गेलं हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. गावात कुणी बाळंतीण व्हायची होती का, तर सहा होत्या.

शिल्पानं तेवढं विचारलं. लेकीची पुढची लस कुठं द्यायची? शिवकांता दारात तांदूळ निवडत होती. आता तिच्याकडं डबा नव्हता, सुई नव्हती, अधिकार नव्हता. तिनं लेकीला मांडीवर घेतलं, पायावरची सुईची जागा चाचपून पाहिली. गाठ नव्हती. "जळकोटला घेऊन जा," ती म्हणाली. "मंगळवारी. लवकर जा." शिल्पा म्हणाली की जाऊन आले, तिथं पण आत टेबल हलून राहिलंय, माणूस कुणी न्हाई.

तर वाचकहो, आता तुमचा राग अनावर झाला असेल. शेषेरावांचा आला असेल, स्वप्नालीचा आला असेल, फ्लेक्सखाली हसणाऱ्या गावाचा तर नक्कीच आला असेल. कुणीतरी यावर काहीतरी केलं पाहिजे, असंही मनात आलं असेल. चांगलं आहे. पण पहिल्या ओळीपासून इथपर्यंत यायला तुम्हाला अंदाजे पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही जागचे उठला नाहीत. कुणाला फोन केला नाहीत, तुमच्या गावच्या उपकेंद्रात काय हलतंय आणि काय नाही ते बघून आला नाहीत. मान डोलावलीत, दोन ठिकाणी हसलात.

पंधरा मिनिटं, स्थिर. नोंद झालेली आहे.